एक्केचाळीस नंबरचा हिरवा दिवा

सुलोचनाबाई पेडगावकर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या एका बंद पडद्यासमोर बसल्या होत्या. परभणीत बी-बियाणांच्या एका दुकानावर, वरच्या मजल्यावर, आमच्या संस्थेचं नेटवर्क केंद्र आहे. मी पुण्यातली नोकरी सोडून गावाकडे परतलो होतो. काम मागायला म्हणून तो जिना चढलो खरा, पण थाट असा की जणू मीच उपकार करायला आलोय. भर दुपार होती. लाईट गेलेली, पंखा थांबलेला. खोलीच्या मधोमध लोखंडी रॅकवर एक जुना संगणक बॅटरीवर घुमत होता, आणि त्याच्या पत्र्यावर तळहात टेकवून, डोळे मिटून, पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. मी घसा खाकरला. त्यांनी डोळे न उघडता दुसरा हात वर केला.

"जरा थांबा. सगळं चालू हाय. ऐकायलेय मी."

"पण पडदा तर बंद आहे," मी म्हणालो.

"पडदा आपल्यासाठी असतो. त्याला काय करायचाय?"

बाई जरा सटकलेल्या दिसतात, असं माझं पहिलं मत झालं. गौरवग्रंथात असं लिहू नये हे मला कळतं. पण बाईंना साठ वर्षं पूर्ण होतात म्हणून दोन शब्द लिहा, असं समितीने सांगितलं तेव्हाच मी एक अट घातली होती. चंद्राबाईंच्या पेटीची हकिगत मी खरी तशी लिहीन. आपल्यापैकी बहुतेकांना ती बाईंनी सांगितलेली माहीत आहे, आणि त्यांच्या सांगण्यात चूक त्यांची आहे. माझं नाव त्यात कुठेच येत नाही. ते आज इथे येईल.

बाई मूळच्या पूर्णेच्या. वडील रेल्वेत होते. विशीत त्या पूर्णेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा तिथे हाताने जोडायचा बोर्ड होता. समोर भोकांच्या रांगा, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन. नंबर मागितला की दोरी खुपसायची, "बोला" म्हणायचं आणि लगेच कान काढून घ्यायचा. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा बाईंचा तिथला दंडक. पुढे तो बोर्ड गेला, मोठी यंत्रं आली. बरोबरीच्या बायका एकेक करून घरी बसल्या. बाईंनी मात्र शाळकरी वह्या आणून त्यांत यंत्रांच्या इंग्रजी पुस्तकांतले शब्द उतरवून घ्यायला सुरुवात केली. अशा सतरा वह्या मी स्वतः पाहिल्या आहेत. शेवटच्या चार वह्यांत जे आहे, ते शिकायला मला पुण्यात चांगल्या पगाराच्या माणसांमध्ये बसूनही जमलं नव्हतं.

नोकरी सुटल्यावर त्यांनी जे काम उभं केलं ते या जिल्ह्यातच सुचावं असं आहे. दिवाळी झाली की आपली गावं अर्धी रिकामी होतात. टोळ्या ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात, कारखान्यांच्या आसपास पाचटाच्या कोप्या घालून पाच-सहा महिने राहतात. मागे राहतात म्हातारी माणसं. झरीसारख्या मोठ्या गावातसुद्धा त्या दिवसांत दुपारी काही गल्ल्यांतून चालत गेलं की दोन्ही बाजूंना नुसती कुलपं दिसतात. मधेच एखाद्या ओट्यावर बसलेलं म्हातारं माणूस आपल्याकडे असं बघतं, की आपणच इथे असायला नको होतो असं वाटायला लागतं. बाईंनी या घरांत भिंतीवर बसवायची एक छोटी पेटी तयार करून घेतली. घरात कुणी हललं-फिरलं की पेटी निरोप पाठवते, आणि तिकडे कोपीतल्या पेटीवर त्या घराचा हिरवा दिवा लागतो. पाव तास कुणी हललं नाही तर दिवा विझतो. अडचण आली तर पेटीची दोरी ओढायची. मग तिकडे लाल दिवा लागतो आणि घंटी वाजते. प्रत्येक दिव्याखाली बाई स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवतात. कुठे 'माय', कुठे 'आबा', कुठे 'थोरली'. छापील चिठ्ठ्या काढू, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या दोरीचीही एक गोष्ट आहे. पहिल्या पेट्यांना बटण होतं, छातीच्या उंचीवर. मला ते ठीक वाटत होतं. पहिल्याच घरात पेटी बसवून झाल्यावर बाई खाली बसल्या, आणि मग चक्क शेणाने सारवलेल्या जमिनीवर आडव्या झाल्या. घरचे म्हातारबा घाबरून उभे राहिले. बाईंनी झोपल्या झोपल्या एक हात भिंतीकडे लांब केला.

"पडलेल्या माणसाचा हात इथपर्यंतच येतो, दत्ताराव. बटण कुठं हाय बघा."

मी बघितलं. त्यांच्या बोटांपासून बटण पुरुषभर उंच होतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पेटीला जमिनीपर्यंत लोंबणारी सुती दोरी असते आणि तिच्या टोकाला मोठी गाठ.

आता थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. याच नेटवर्कवरून टोळीवरची माणसं घरी बोलतात, घरच्यांची तोंडं बघतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या टोळ्यांना एकदमच घर आठवतं. आमचा संगणक एका कचेरीने मोडीत काढलेला. त्याला सहा नेटवर्क कार्डं. दोन आपल्या जिल्ह्यातल्या टॉवरांकडे, एक झरीकडच्या आणि एक पूर्णेकडच्या, आणि चार तिकडे, कारखान्यांच्या चार भागांकडे. आलेलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे निरोपाचा एकेक तुकडा, आधी संगणकाच्या वरच्या मजल्यांवर जायचं, तिथे त्याची विचारपूस व्हायची, मग ते खाली येऊन दुसऱ्या कार्डातून बाहेर पडायचं. एवढ्यात यंत्राचा जीव मेटाकुटीला यायचा आणि घंट्या उशिरा वाजायच्या. बाईंनी यावर जो उपाय केला तो त्यांच्या शेवटच्या चार वह्यांत आहे. संगणकाच्या अगदी गाभ्यात, ज्याला आमच्या धंद्यात कर्नेल म्हणतात, तिथे त्यांनी एक चिमुकला प्रोग्राम बसवला. गाभा कुणालाही सहजी आत घेत नाही. हा कुठे अडकून बसणार नाही ना, भलतीकडे हात घालणार नाही ना, याची झडती घेतो आणि मगच शिरू देतो. बाईंचा प्रोग्राम बत्तीस वेळा उंबऱ्यावरून परत आला. तेहेतिसाव्या वेळी आत गेला. आता पॅकेट कार्डात आलं की तो उंबऱ्यावरच त्याला गाठतो, घराचा नंबर बघतो, शेजारच्या तक्त्यात त्या नंबरापुढे कोणतं कार्ड लिहिलंय ते बघतो आणि पॅकेट तिथूनच तिकडे वळवतो. वरच्या मजल्यांना पत्ताही लागत नाही. पॅकेटांवर नजर ठेवणारी जी साधनं आम्ही वापरतो तीही वरच बसलेली. त्यामुळे त्यांना ही ये-जा दिसत नाही. दुपारी शंभर घरं बोलत असतात, आणि पडद्यावर बघावं तर शुकशुकाट. पहिल्यांदा मी तो बघितला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

या तक्त्याच्या बाबतीत बाईंचा एक नियम होता, आणि तो मला मुळीच मान्य नव्हता. घरातलं माणूस गेलं की पेटी काढून आणायची, पण तक्त्यातली त्याची नोंद तेरा दिवस हलवायची नाही. नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. त्यांनी तशी व्यवस्थाच केली होती. आतल्या तक्त्याला त्या नोंदीपुरतं कुलूप बसायचं आणि तेराव्याच्या दुपारी उघडायचं. मी एकदा विचारलं, यंत्राला कशाला हवं सुतक? त्या म्हणाल्या, "आमच्या एक्स्चेंजला होती तशी पद्धत." एवढंच. मला वाटलं, शिकलेल्या बाई, आणि हे काय घेऊन बसल्यात.

झरीचे सखारामआबा एका वर्षी थंडीत गेले. त्यांचा नंबर एक्केचाळीस. त्यांना एकच मुलगी, कौसल्या. ती आणि जावई टोळीवर होते. दोघं आले, तिसऱ्या दिवशी राख सावडली, आणि मुकादमाचे फोनवर फोन यायला लागल्यावर तेराव्याला येतो म्हणून परत गेले. आबांची पेटी मी भिंतीवरून काढली, तिची वायर गुंडाळली आणि केंद्रातल्या कपाटात ठेवून दिली. नवव्या दिवशी पूर्णेच्या अलीकडे रुळालगतच्या एका वस्तीवरून निरोप आला की चंद्राबाई नावाच्या म्हाताऱ्या आहेत, मुलगा टोळीवर गेला, घरात दुसरं कुणी नाही. बाई त्या दिवशी केंद्रात नव्हत्या. नवी पेटी शिल्लक होती, नंबर मात्र शिल्लक नव्हता. माझ्याकडे नंबरांची एक वही असते, कागदाची नव्हे, संगणकातली. तिच्यावरून यंत्र स्वतःच मोकळा नंबर शोधून देतं. मी काय केलं, तर वहीतून आबांचं नाव काढून टाकलं. म्हटलं, चार दिवसांनी काढायचंच आहे. यंत्राने लगेच मोकळा नंबर शोधला आणि 'झाले' असं दाखवलं. कोणता नंबर दिला ते मी बघितलंसुद्धा नाही. पेटी घेतली, चंद्राबाईंच्या भिंतीवर बसवली, दोरी खालपर्यंत सोडली, त्यांच्या हातचा चहा घेतला आणि परत आलो. बाईंना यातलं काही सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला कौसल्याचा फोन आला. मी आणि बाई दोघंही केंद्रात होतो. फोन मी घेतला.

"साहेब," ती म्हणाली. मागे कोयत्यांचे आवाज येत होते. "साहेब, आबाचा दिवा लागायलाय."

"कोणता दिवा?"

"लाल. घंटी वाजायलीय. समदे बाया-माणसं फडातून पळत आलेत. मी काय सांगू त्यास्नी?"

मी कपाट उघडलं. आबांची पेटी होती तिथेच होती, गुंडाळलेल्या वायरीसकट, वर धुळीचा पातळ थर. मी ती हातात घेतली. गार होती. वहीत आबांचं नाव शोधलं. नव्हतंच. मीच काढलं होतं. एक्केचाळीस हा आकडा शोधावा, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. पॅकेटं दाखवणारं साधन उघडलं. पडदा कोरा. तिकडे फोनमध्ये घंटी वाजताना मला स्वतःच्या कानाने ऐकू येत होती. ती थांबायची, पुन्हा वाजायची. इकडे मेलेल्या माणसाची पेटी माझ्या हातात, आणि पडद्यावर काही म्हणजे काही नाही. बाहेर रस्त्यावर रिक्षांचे भोंगे चालू होते, खाली दुकानात कुणीतरी मोठ्याने हसत होतं, आणि तरीही त्या खोलीत उभं राहवेना.

"सर्किट शॉर्ट झालं असेल," मी फोनमध्ये म्हणालो. "तिकडची पेटी बंद करून ठेवा."

बाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"कौसल्या, मी बाई बोलायलेय. बंद करू नको बाळा. मला सांग, हिरवा लागला होता का मधी?"

पलीकडून रडण्याचा आवाज आला. "तीन दिवस झाले, बाई. लागायलाय, इझायलाय, लागायलाय. सकाळी लवकर, मग दुपारी. मी कुणाला सांगितलं न्हाई. मला वाटलं, तेराव्यापर्यंत आबा हाय घरात. मी कामाला जाताना बघून जायचे. लय बरं वाटायचं, बाई."

"असू दे. आता घंटी कशी वाजायलीय ते सांग. सलग का थांबून थांबून?"

"थांबून. दोनदा झाली. मग बराच येळ न्हाई. मग एकदा. आता बारीक झाली, लगेच बंद होती."

बाईंनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

"दत्ताराव, मेलेल्या माणसाला दम लागत नसतो. हे कुणीतरी दम खात दोरी ओढायलंय. आणि त्याचा हात आता उचलंना झालाय."

त्या रॅकपाशी गेल्या. वरची साधनं त्यांनी उघडलीच नाहीत. थेट आतला तक्ता उघडला. प्रत्येक नोंदीपुढे त्या एक मोजणी ठेवतात, किती पॅकेटं आली आणि कोणत्या कार्डातून आली याची. एक्केचाळीसपुढचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत एकाने वाढला. पुढे कार्ड होतं पूर्णेकडच्या टॉवरचं.

"आबांचं घर झरीला," बाई म्हणाल्या. "हे पूर्णेकडून यायलंय. तिकडं नवीन पेटी कोणाची?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चंद्राबाईंचं नाव घेतलं. पुढचं सांगायची गरजच पडली नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं. यंत्राने चंद्राबाईंना आबांचाच एक्केचाळीस नंबर दिला होता, आणि आतल्या कुलपामुळे त्याची वाट अजून कौसल्याच्याच पेटीकडे जात होती. वस्तीवरच्या दोन शेजाऱ्यांना मी फोन लावले, दोघंही टोळीवर. बाईंनी कुठलीही वही न बघता एक नंबर फिरवला. त्या वस्तीजवळच्या रेल्वे फाटकावर वर्षानुवर्षं काम करून निवृत्त झालेले एक गेटमन होते, अजून तिथेच राहणारे. त्यांचा नंबर बाईंना एक्स्चेंजच्या दिवसांपासून पाठ होता.

"मामा, पूर्णा एक्स्चेंजची सुलोचना बोलायलेय. सायकल हाय ना? चंद्राबाईच्या घरी जावा. दार तोडा, पर आत जावा."

आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर निघालो. रस्ताभर कौसल्याचा फोन बाईंच्या कानाला होता. घंटी वाजली की ती सांगायची, आणि बाई मागून माझ्या खांद्यावर एकदा थोपटायच्या. वाटेत ते थोपटणं बंद झालं. मी वेग वाढवला. आम्ही पोचलो तेव्हा मामांनी दार कडीतून उचकटलेलं होतं. चंद्राबाई चुलीपाशी पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ कोरडे पडलेले, आणि दोरीची गाठ मुठीत इतकी घट्ट, की सोडवताना मला एकेक बोट उचलावं लागलं. श्वास चालू होता. त्या सकाळी लवकर पडल्या होत्या. आधी लाजेने, मग भीतीने त्यांनी दोरी ओढली नव्हती, असं त्यांनी नंतर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, उन्हं कलली असती तर कठीण होतं.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी बाईंना सगळं सांगितलं. वहीतून नाव काढल्याचं, नंबर न बघितल्याचं, आणि त्यांच्या नियमाला मनातल्या मनात हसलो होतो तेही. मग त्यांनी मला पूर्णेच्या एक्स्चेंजची गोष्ट सांगितली. एक मालगाडीचे गार्ड वारले. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यांचा नंबर बोर्डावरून काढला. त्यांच्या भावाला काही माहीत नव्हतं. तो लांबून ट्रंककॉल लावत राहिला, आणि त्याला कुणी काही सांगेना. तो चार दिवस लावत होता. त्यानंतर बोर्डावरच्या बायकांनी आपसात ठरवलं की तेरा दिवस नंबर काढायचा नाही. फोन आला की आपल्यापैकी एकीने घ्यायचा आणि हळू आवाजात सांगायचं.

"बातमी सगळीकडं पोचायला तेवढे दिवस लागतात, दत्ताराव. माणूस गेलं तरी त्याच्याकडं येणारी वाट चालू असते. ती एकदम तोडायची नसते."

यापुढचं मी नंतर तपासलं आणि ते मला अजून पचलेलं नाही. चंद्राबाईंच्या मुलाच्या टोळीवरची पेटी त्या आठवड्यात बॅटरी उतरून बंदच पडली होती. म्हणजे बाईंचं कुलूप नसतं, माझ्या मनासारखं सगळं झालं असतं, तर चंद्राबाईंची हाक एका मुक्या पेटीवर जाऊन पडली असती. त्या दिवशी ती ऐकू येईल अशी एकच जागा होती, आबांचा दिवा. आणि त्याच्याकडे तीन दिवस डोळे लावून बसलेलं एकच माणूस होतं.

आम्ही चंद्राबाईंची पेटी त्याच दिवशी उतरवली, तिला वेगळा नंबर द्यायचा म्हणून बंद करून कपाटात आबांच्या पेटीशेजारी ठेवली. एक्केचाळीस नंबरची चालू पेटी आता जगात कुठेच नव्हती. बाईंनी त्या नोंदीपुढचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेनने लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी आबांचं तेरावं झालं आणि दुपारी कौसल्या जेवणाचा डबा घेऊन केंद्रात आली. मला नोंद काढताना बघायचंय, म्हणाली. बाईंनी तक्ता उघडला. मी कॅलेंडरकडे बघितलं, मग पडद्याकडे. आकडा एकाने जास्त होता. कार्ड झरीकडच्या टॉवरचं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी माझा हात दाबला. कौसल्याला त्यांनी खुर्चीत बसवलं, कोणती कळ दाबायची ते दाखवलं. तिने पदर डोक्यावर घेतला.

"आबा, जावा आता," ती म्हणाली. "मी चांगली हाय." आणि कळ दाबली.

ती गेल्यावर मी बाईंना विचारलं. रांगेत अडकलेलं एखादं जुनं पॅकेट असेल, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, बारा दिवस? झरीच्या त्या घराला कुलूप आहे, पेटी इथे आहे. बाईंनी डब्यातली एक पुरी माझ्या हातावर ठेवली.

"जेवा," त्या म्हणाल्या. "समदंच आपल्याला दिसलं पाहिजे असं कुठंय?"

मी त्या दिवसापासून केंद्रात कपाटाकडे पाठ करून बसत नाही. हसायचं असेल त्यांनी हसावं.

संस्थेच्या बैठकीत या प्रकाराची चौकशी झाली. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आतल्या तक्त्याला मी कुलूप लावलं, पण बाहेरच्या वहीला ते कळवायची सोय केली नाही, चूक माझी. मी उठायला लागलो तर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मी बसलो. मी बसलो, ही त्या प्रकरणातली माझी दुसरी चूक. माझी नोकरी तेव्हा नवी होती, घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, हे सगळं बाईंना माहीत होतं. पुढे महिनाभर आईसाठी मऊ भाताचा डबा त्यांच्याकडून येत होता आणि त्या विषयावर त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आज तो शब्द मी काढतो आहे. बाई रागावतील. रागावू देत.

चंद्राबाई काठी टेकत चालतात. त्यांच्या नव्या नंबराचा दिवा मुलाच्या टोळीवर लागतो, आणि कौसल्याच्या हट्टाखातर तिच्याकडेही लागतो. बाईंनी तक्त्यात एका नंबरापुढे दोन कार्डं लिहायची युक्ती काढली. एक्केचाळीस नंबर आम्ही पुन्हा कुणाला दिलेला नाही. त्याचं कारण मी विचारलेलं नाही आणि बाईंनी सांगितलेलं नाही.

बाई एकट्या राहतात. त्यांच्या घरातही पेटी आहे, नंबर एक. तिचा दिवा केंद्रात, माझ्या टेबलावर लागतो. गेल्या महिन्यात त्यांनी केंद्राचा सगळा कारभार माझ्याकडे सोपवला, सतरा वह्याही दिल्या. जिना उतरता उतरता थांबल्या आणि म्हणाल्या, "माझाही नंबर तेरा दिवस ठेवा, दत्ताराव. आणि त्या दिवसांत दिवा लागला तर घाबरू नका. आधी बघा, कुठं कुणी जिवंत माणूस बोलवायलंय का. मग बाकीचं."

मी हो म्हणालो. बाईंचं मी सगळं ऐकतो, पण हा शब्द पाळायची पाळी माझ्यावर येऊ नये. माझे केस पिकावेत, मीही हा जिना चढायचा थकावा, या खुर्चीवर माझ्यानंतरची दोन-तीन माणसं बसून जावीत, आणि तरीही परभणीच्या त्या घरात बाईंनी सकाळी उठून अंगणात पाणी मारावं, वही उघडून नवा शब्द उतरवावा. त्यांना उदंड आयुष्य लाभो. गुडघे साथ देवोत, डोळे शाबूत राहोत, कान तर त्यांचे आमच्यापेक्षा तरणे आहेतच. हे लिहितोय तेव्हा दुपारचे बारा वाजलेत, आणि माझ्या टेबलावर एक नंबरचा हिरवा दिवा नुकताच लागला आहे. तो असाच लागत राहो, आणि तो लागेल तेव्हा त्या घरात चालत असतील त्या बाईच असोत.